कॉन्स्टेबलची सॉल्झबरी-दृश्ये

इंग्लंडमधील सॉल्झबरी या प्राचीन कॅथीड्रल-नगराची व त्याच्या परिसराची, प्रख्यात इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल (११ जून १७७६–३१ मार्च १८३७) याने काढलेली चित्रे. १८११ ते १८२९ या काळात त्याने सॉल्झबरीस वेळोवेळी भेटी दिल्या आणि त्या भेटींत केलेल्या आरेखनांच्या व तैलरंगातील कच्च्या चित्रांच्या आधारे आयुष्याच्या अखेरपर्यंत चित्रे रंगविली. एकच वास्तू, एकच शिखर आणि भोवतालचे तेच कुरण. परंतु दर वेळी आकाश निराळे, असे या चित्रांचे स्वरूप आहे. वास्तूची यथातथ्य नोंद करणाऱ्या स्थलचित्रणाच्या जुन्या परंपरेपासून इंग्रज निसर्गचित्रण कसे व का दूर गेले, हे या चित्रांवरून स्पष्टपणे दिसून येते.

नगर व कॅथीड्रल : सॉल्झबरी हे विल्टशर परगण्यातील नगर लंडनच्या नैर्ऋत्येस सु. १३० किमी.वर, एव्हन नदीच्या खोऱ्यात वसले आहे. नॅडर, वायली, बोर्न इ. नद्या याच परिसरात एव्हनला मिळतात. मूळचे नगर येथून सु. ३ किमी. उत्तरेस ओल्ड सेरम या तटबंद टेकडीवर होते. तेथील नॉर्मन कॅथीड्रलची प्रतिष्ठापना १०९२ मध्ये झाली व त्यानंतर काही दिवसांतच वादळाने त्याची हानी झाली. टेकडीवरील पाण्याची टंचाई, सोसाट्याचा वारा व किल्ल्यातील शिबंदीशी होणाऱ्या कुरबुरी यांमुळे बिशप रिचर्ड पूर याने पोपच्या अनुमतीने धर्मपीठ खाली नदीकाठच्या सपाटीवर हलविले. २८ एप्रिल १२२० रोजी नव्या कॅथीड्रलची कोनशिला बसविण्यात आली व १२५८ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. नगरास १२२७ मध्ये राजसनद मिळाली. मुख्य बांधकाम अवघ्या चार दशकांत पार पडल्यामुळे आरंभीच्या इंग्रज गॉथिक शैलीची अशी एकजिनसी वास्तू इंग्लंडमध्ये अन्यत्र क्वचितच आढळते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीवर १२३ मी. उंचीचे दगडी शिखर चढविण्यात आले. सध्या ते इंग्लंडमधील सर्वांत उंच चर्चशिखर आहे. या प्रचंड भाराने खालचे स्तंभ वाकले. क्रिस्टोफर रेन या वास्तुविशारदाने १६६८ मध्ये केलेल्या पाहणीत शिखर सु. ७० सेंमी. कलल्याचे आढळून आले होते.

कॅथीड्रलभोवतीचे तटबंद आवार ‘क्लोज’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या भिंतीसाठी ओल्ड सेरमच्या जुन्या कॅथीड्रलचे दगड वापरण्यास १३३१ मध्ये राजाने परवानगी दिली. बिशपचा प्रासाद आणि धर्माधिकाऱ्यांची घरे या आवारातच होती. कॉन्स्टेबलच्या चित्रांत कॅथीड्रल विस्तीर्ण हिरवळीवर एकाकी व निर्वेध उभे असलेले दिसते. तथापि हे दृश्य मध्ययुगीन नव्हे. जेम्स वायट या वास्तुविशारदाने बिशप शूट बॅरिंग्टन याच्या कारकीर्दीत, १७८९ नंतरच्या काही वर्षांत, आवारातील स्वतंत्र घंटाघर व दोन उपासनामंदिरे पाडली आणि दफनभूमी सपाट करून तेथे हिरवळ केली. पुरातनप्रेमींनी त्यावर कडक टीका केली. चित्रकारांना मात्र त्यामुळे पायथ्यापासून शिखरापर्यंत अखंड दिसणारी वास्तू लाभली. कॉन्स्टेबल प्रथम येथे आला, तेव्हा ही मोकळीक जेमतेम वीस वर्षांची होती.

फिशर कुटुंब : कॉन्स्टेबल मूळचा सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या खेड्यातला. त्याचे वडील धान्याचे व्यापारी व स्टाउर नदीवरील पाणचक्क्यांचे मालक होते. १७९९ मध्ये तो लंडनच्या रॉयल ॲकॅडेमीच्या विद्यालयात दाखल झाला. त्याच्या गावाजवळच्या लँगम येथे पाद्री असलेल्या जॉन फिशर (१७४८–१८२५) यांच्याशी त्याचा तत्पूर्वीच परिचय झालेला होता. फिशर १८०७ मध्ये सॉल्झबरीचे बिशप झाले आणि त्यांच्या निमंत्रणावरून कॉन्स्टेबल १८११ मध्ये प्रथम तेथे गेला. बिशपचा त्याच नावाचा पुतण्या, पुढे आर्चडीकन झालेला जॉन फिशर (१७८८–१८३२), याच्याशी त्या वेळी त्याचे जे मैत्र जुळले, ते आजन्म टिकले. १८१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॉन्स्टेबल आणि मराया बिक्नेल यांचा विवाह याच तरुण फिशरने लावला व नवदांपत्याला डॉर्सेटमधील आपल्या ऑस्मिंग्टन येथील घरी राहण्यास बोलाविले.

कॉन्स्टेबलची चित्रे विकली जात नसत, अशा काळात फिशरने त्याचे द व्हाइट हॉर्स (१८१९) हे पहिले मोठे चित्र शंभर गिनींना विकत घेतले. दोघांमध्ये दीर्घकाळ पत्रव्यवहार चालू होता. चार्ल्स रॉबर्ट लेस्ली या चित्रकाराने लिहिलेल्या कॉन्स्टेबलच्या चरित्रात (१८४३) या पत्रांचा भरपूर उपयोग केलेला आहे. निसर्गचित्रात आकाश हे केवळ पार्श्वपट नसून भावनेचे प्रमुख वाहक असते, हा कॉन्स्टेबलचा सुप्रसिद्ध सिद्धांत १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये फिशरला लिहिलेल्या पत्रातच मांडलेला आहे. त्याच सुमारास (१८२१-२२) लंडननजीकच्या हँपस्टेडच्या टेकाडावर त्याने ढगांची अनेक तैलचित्रे उघड्यावर बसून झपाट्याने रंगविली. त्यांतील बऱ्याच चित्रांच्या मागे दिनांक, वेळ आणि वाऱ्याची दिशा यांची टिपणे आहेत. हवामानाचे हे शिक्षण सॉल्झबरीच्या चित्रांना लवकरच उपयोगी पडले. तसेच त्याच्या आणि त्याच्या आश्रयदात्याच्या मतभेदाचेही तेच कारण ठरले.

बिशपच्या बागेतून : १८२० च्या उन्हाळ्यात कॉन्स्टेबल सहकुटुंब सॉल्झबरीस राहिला. या मुक्कामात त्याने नदीकाठचे लेडनहॉल हे आर्चडीकन फिशरचे निवासस्थान, सखल कुरणातून दिसणारे कॅथीड्रल, तसेच बिशपच्या प्रासादाची बाग यांची कच्ची चित्रे केली. यांतील बागेच्या दृश्यावरून बिशपने त्याच्याकडून मोठे चित्र करवून घेतले. बिशपच्या बागेतून दिसणारे सॉल्झबरी कॅथीड्रल हे चित्र (८७·६ × १११·८ सेंमी.) १८२३ मध्ये रॉयल ॲकॅडेमीच्या प्रदर्शनात मांडण्यात आले. पुढे जॉन शीपशँक्स या संग्राहकाने ते राष्ट्रास अर्पण केले (१८५७) व आता ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझियममध्ये आहे.

या चित्रात दक्षिणेकडून दिसणारे उन्हाने उजळलेले कॅथीड्रल दोन बाजूंच्या उंच वृक्षांच्या कमानीत बसविलेले आहे. जणू वृक्षांनीच गॉथिक कमान उभारली असावी, अशी ही योजना आहे. पुढे सावलीत गुरे पाणी पीत आहेत. डाव्या कोपऱ्यात खुद्द बिशप आपल्या पत्नीस काठीने शिखर दाखवीत आहेत. गवाक्षे, आधारभिंती, शिल्पित कंगोरे यांचा तपशील नेमका हवा, पण तो कोरड्या वास्तुरेखनासारखा वाटता कामा नये, ही अडचण कॉन्स्टेबलला फार जाचली. आपल्या हातून झालेल्या विषयांत हा सर्वांत अवघड असल्याचे त्याने फिशरला कळविले होते. छायाप्रकाशाचा आश्रय घेऊन त्याने ती सोडविली. दगडावर पडलेले ऊन आणि वरून सरकणारी ढगाची सावली यांमुळे तपशील शाबूत राहूनही वास्तू हवेत न्हाऊन निघालेली दिसते.

बिशपला नेमका हाच ढग रुचला नाही. त्यांना वास्तूविषयी तक्रार नव्हती. शिखरामागील काळसर ढगाऐवजी निरभ्र, प्रसन्न आकाश असावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आपल्या धर्मपीठाचे चित्र शांत व उजळ असावे, ही बिशपची भूमिका स्वाभाविक होती. आकाश बदलले तर चित्राचा अर्थच बदलेल, ही कॉन्स्टेबलची भूमिकाही तितकीच स्वाभाविक होती. १८२४ मध्ये बिशपने आकाश सुधारण्यासाठी चित्र परत पाठविले, तेव्हा कॉन्स्टेबलने मूळ चित्रास हात न लावता त्याच आकाराचे दुसरे चित्र करावयास घेतले. बिशपच्या मुलीच्या विवाहानिमित्त त्याने याच दृश्याची एक लहान आवृत्तीही केली होती (१८२३; हंटिंग्टन संग्रह, कॅलिफोर्निया).

दुसऱ्या मोठ्या चित्रात (१८२५-२६, फ्रिक संग्रह, न्यूयॉर्क) आकाश उजळ असून वरची वृक्षांची कमानही सोडविलेली आहे. त्यामुळे शिखर निळ्या-पांढऱ्या आकाशात मोकळे उभे राहते. या चित्रासाठी केलेले पूर्णाकार कच्चे चित्र न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये आहे. तथापि ज्यांच्यासाठी आकाश बदलले, ते बिशप फिशर चित्र पूर्ण होण्यापूर्वीच मे १८२५ मध्ये मरण पावले. एकाच स्थळाची ही दोन मोठी चित्रे ताडून पाहिली असता, पहिल्यात ऊन आणि ढग यांच्यातील ताणामुळे शिखराला जे चैतन्य आले आहे, ते दुसऱ्यात सौम्य झालेले दिसते. उलट दुसऱ्यातील मोकळेपणा पहिल्यात नाही.

कुरणातून : १८२५ नंतर कॉन्स्टेबल काही वर्षे सॉल्झबरीच्या विषयाकडे फारसा वळला नाही. दरम्यान त्याच्या द हे वेन या चित्रास पॅरिसच्या १८२४ च्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले होते. मायदेशी मात्र रॉयल ॲकॅडेमीचे पूर्ण सदस्यत्व त्याला फेब्रुवारी १८२९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, केवळ एका मताच्या आधिक्याने मिळाले. तत्पूर्वीच, २३ नोव्हेंबर १८२८ रोजी, मराया क्षयाने मरण पावली होती. सात मुलांचा भार एकट्या कॉन्स्टेबलवर पडला व तो खचून गेला. फिशरने त्याला जुलै १८२९ मध्ये सॉल्झबरीस बोलावून घेतले. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा तेथे गेला; हीच त्याची सॉल्झबरीची अखेरची भेट होय. मित्राच्या मनाला काम लागावे, म्हणून कॅथीड्रलचे मोठे चित्र करण्याचा आग्रह फिशरने धरला. ढगाखालचे चर्च हाच सर्वोत्तम विषय आहे, असे त्याने पत्रातून सुचविले. सहा वर्षांपूर्वी ज्या ढगाला बिशपची हरकत होती, तोच ढग बिशपच्या पुतण्याने आता चित्राचा विषय ठरविला.

या सूचनेत शोकाबरोबर राजकारणही होते. टेस्ट व कॉर्पोरेशन कायदे १८२८ मध्ये रद्द झाले आणि १८२९ मध्ये कॅथलिक पंथीयांना संसदेचे दरवाजे खुले झाले. त्यामुळे प्रस्थापित अँग्लिकन चर्चचा पूर्वापार एकाधिकार ढासळू लागला होता. संसदीय सुधारणांची मागणीही वाढत होती. कॉन्स्टेबल आणि फिशर हे दोघेही जुन्या व्यवस्थेचे कट्टर समर्थक होते. नोव्हेंबर १८३० मध्ये विल्टशरमध्ये शेतमजुरांचे दंगे उसळले. तुटपुंजी मजुरी आणि हिवाळ्यातले हातचे काम हिरावणारी मळणीयंत्रे, ही त्यांची प्रमुख कारणे होती. दंगेखोरांच्या चौकशीसाठी जानेवारी १८३१ मध्ये खुद्द सॉल्झबरीत विशेष न्यायालय बसले आणि अनेकांना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपारीची शिक्षा झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी कुरणातून दिसणारे सॉल्झबरी कॅथीड्रल हे चित्र (१५१·८ × १८९·९ सेंमी.) लंडनमध्ये प्रदर्शित झाले. तीन घोड्यांची गाडी ओढ्यातून संथपणे पार नेणारा गाडीवान त्यात आहे. मळणीयंत्रे मोडणारा मजूर मात्र नाही. कॉन्स्टेबलच्या मनातील ग्रामजीवन हे त्याच्या बालपणीच्या स्टाउर खोऱ्यातील सुस्थिर जीवन होते. १८३० मधील विल्टशरच्या जीवनाशी त्याचा मेळ बसत नव्हता. वरचे आकाश मात्र ही अस्वस्थता लपवीत नाही.

हे दृश्य वायव्येकडून, नॅडर नदीपलीकडच्या कुरणातून घेतले आहे. येथील कुरणे सतराव्या शतकापासून पाटाच्या पाण्याने भिजविली जात असत. पाणचक्कीवाल्याच्या मुलाला हे पाणी, त्यातले लाकडी खांब, काठचा चिखल व झुडपे चांगलीच परिचयाची होती आणि त्यांचे चित्रण त्याने विशेष बारकाईने केले आहे. डावीकडे उंच ॲश वृक्ष आहे, पुढे एक कुत्रा उभा आहे व मागे सेंट टॉमस चर्चचा मनोरा दिसतो. मध्यभागी कॅथीड्रल असून त्यामागे काळे, फाटलेले मेघ आहेत. छपरावर विजेची बारीक रेघ चमकते. या सर्वांवर इंद्रधनुष्याची मोठी कमान असून तिचे उजवे टोक लेडनहॉलवर, म्हणजे फिशरच्या घरावर, टेकले आहे. रंगलेपन खडबडीत असून बरेचसे सुरीने केलेले आहे. ओल्या पानांवरची व पाण्यावरची चमक पांढऱ्या ठिपक्यांनी दाखविली आहे. याचे पूर्णाकार कच्चे चित्र लंडनच्या गिल्डहॉल कलावीथीत आहे.

इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध दिशेसच दिसते. चित्रातील प्रकाशाची दिशा त्याच्याशी पूर्णपणे जुळत नाही, याकडे काही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. कॉन्स्टेबलने इंद्रधनुष्याच्या भूमितीचा अभ्यास केलेला होता व त्याच्या आकृत्याही उपलब्ध आहेत. त्यामुळे ही चूक अजाणतेपणी झाली असणे संभवत नाही. आर्चडीकन फिशर २५ ऑगस्ट १८३२ रोजी मरण पावला. इंद्रधनुष्य त्यानंतर मित्राच्या स्मरणार्थ चित्रात आणले गेले असावे, असेही एक मत आहे. ते मान्य केले वा न केले, तरी पुरते कळलेल्या निसर्गनियमाला कॉन्स्टेबलने येथे जाणूनबुजून मुरड घातली, असे म्हणावे लागते.

१८३१ च्या प्रदर्शनात हे चित्र जे. एम्. डब्ल्यू. टर्नर याच्या चित्राजवळ लावण्यात आले होते. समकालीनांनी त्या दोहोंची तुलना अग्नी व जल यांच्याशी केली. टर्नरनेही पूर्वी सर रिचर्ड कोल्ट होअर या पुरातत्त्वप्रेमी जमीनदारासाठी सॉल्झबरीची जलरंगचित्रे केली होती. त्यांत वास्तूची भव्यता व तपशील यांना प्राधान्य आहे. कॉन्स्टेबलचे आकाश मात्र अनेक समीक्षकांना अतिरेकी आणि गोंधळाचे वाटले. चित्राला ग्राहक मिळाला नाही. तो मृत्यूपर्यंत त्यावर अधूनमधून काम करीत राहिला. डेव्हिड लूकस याने त्यावरून केलेली मोठी मेझोटिंट मुद्राप्रत १८३७ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या सर्व चित्रांत हेच सर्वश्रेष्ठ गणले जाईल, असा कॉन्स्टेबलचा विश्वास होता.

ओल्ड सेरम व स्टोनहेंज : आयुष्याच्या अखेरीस तो कॅथीड्रलकडून त्याही पूर्वीच्या अवशेषांकडे वळला. त्याचे ओल्ड सेरम हे जलरंगचित्र १८३४ मध्ये व स्टोनहेंज हे १८३६ मध्ये रॉयल ॲकॅडेमीत प्रदर्शित झाले. दोन्ही व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझियममध्ये आहेत. ओसाड झालेल्या ओल्ड सेरमला मूठभर मतदारांच्या बळावर संसदेत दोन प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क होता. हा मतदारसंघ एके काळी मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट याच्या मालकीचा होता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने तो रद्द झाला. कॉन्स्टेबलच्या चित्रात तेथे उजाड टेकडी, वादळी आकाश आणि एक एकाकी मनुष्याकृती एवढेच उरते. स्टोनहेंजचे चित्र १८२० मधील एका आरेखनावर आधारलेले आहे. त्यातही कलंडलेल्या शिळांवर दुहेरी इंद्रधनुष्य दाखविलेले आहे. मानवी रचना नष्ट होतात व आकाश तेवढे राहते, ही जाणीव या दोन्ही चित्रांत प्रकर्षाने व्यक्त झाली आहे.

महत्त्व : स्थलचित्रणात वास्तू ही वस्तुस्थिती आणि आकाश ही सजावट मानली जात असे. कॉन्स्टेबलने सॉल्झबरीत हे नाते उलटविले. शतकानुशतके न बदललेले शिखर हे त्याच्या दृष्टीने एक स्थिर माप होते. हवामान, काळ व मनःस्थिती यांचे बदल त्यावरून मोजता येत. एकाच वास्तूची प्रकाशानुसार बदलणारी रूपे टिपण्याचे मोने याने रूआन कॅथीड्रलच्या चित्रमालिकेत (१८९२–९४) केलेले प्रयत्न या दृष्टीने तुलनीय आहेत. मोनेचा रोख दृष्टिसंवेदनेवर आहे. कॉन्स्टेबलच्या चित्रांत मैत्री, शोक, धर्मनिष्ठा आणि सामाजिक भय ही सर्व हवामानाच्या रूपाने येतात.

कुरणातून दिसणारे सॉल्झबरी कॅथीड्रल हे चित्र २०१३ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने सार्वजनिक निधीच्या साहाय्याने २·३१ कोटी पौंडांस विकत घेतले. त्यानंतर ते वेल्स, स्कॉटलंड, ईस्ट अँग्लिया आणि खुद्द सॉल्झबरी येथील संग्रहालयांतही दाखविण्यात आले. चित्रकाराच्या हयातीत ग्राहक न मिळालेले हे चित्र अशा रीतीने ज्या नगरात त्याचा जन्म झाला, तेथील लोकांनाही पाहता आले. हार्नमच्या परिसरातील ती कुरणे अद्याप राखलेली असून तेथून दिसणारे शिखराचे दृश्य फारसे बदललेले नाही.